संगमरवराचा आभास देणारे जुने रंगकाम दुरुस्त करताना या चुका टाळा

जुन्या नाट्यगृहातील खांब आणि रंगमंचाची चौकट पुष्कळदा संगमरवराची वाटते, परंतु प्रत्यक्षात ती विटांची, लाकडाची किंवा चुन्याच्या गिलाव्याची असते आणि दगडाचे रूप तिला कारागिराच्या हाताने दिलेले असते. अशा कामासाठी कोल्हापुरात मला बोलावणे येते ते बहुधा आधी कोणीतरी घाईने हात घालून गेल्यावर. त्यामुळे त्याच त्या चुका पाहून आता राहवत नाही, म्हणून हे लिहीत आहे.

पहिली चूक म्हणजे समोर काय आहे हे न ओळखताच बादली आणि साबण घेऊन पुढे होणे. तेलरंगाने रंगवलेला संगमरवर, घोटून चकाकी आणलेला चुन्याचा गिलावा आणि जिप्सम, सरस व रंगद्रव्य मळून केलेला स्कॅग्लिओला ही तीन वेगळी कामे आहेत. स्कॅग्लिओलातील सरस पाण्याने मऊ पडतो, तर चुन्याच्या गिलाव्याला आम्ल खाऊन टाकते. रंगवलेल्या कामात रंग फक्त वरच्या पापुद्र्यात असतो, स्कॅग्लिओलात तो जाडीभर उतरलेला असतो. गळून पडलेली एखादी कपची मिळाली तर तिच्या तुटलेल्या कडेवर व्हिनेगरचा थेंब सोडावा. चुना असेल तर फेस येतो, जिप्समला येत नाही. खांबावर मात्र हा प्रयोग कधीही करू नये.

काजळी ओल्या फडक्याने पुसू नये. १९१५ साली पॅलेस थिएटर म्हणून सुरू झालेले केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ रोजी जळाले; आगीनंतरची काजळी किती चिवट असते हे कोल्हापूरकरांना वेगळे सांगायला नको. ती तेलकट असते आणि पाण्याबरोबर छिद्रांत उतरते. म्हणून आधी मऊ ब्रश आणि व्हॅक्यूम, मग कोरडा स्पंज, आणि त्यानंतरही गरज उरली तरच कापसाचा बोळा.

ज्या चुकीने सर्वांत जास्त नुकसान होताना मी पाहिले आहे, ती म्हणजे ओल तशीच ठेवून वरून रंग देणे. एका जुन्या नाट्यगृहात प्रवेशद्वाराजवळच्या खांबाचा तळ सोलला होता. ठेकेदाराने तेथील चुन्याचा गिलावा खरवडून सिमेंट भरले, वर लांबी (पुट्टी) ओढली आणि मृगाच्या आधी काम उरकायचे म्हणून लगेच ऑइलपेंट देऊन संगमरवरासारख्या शिराही काढल्या. पाऊस लागला तसे फोड आले, पण खरी हानी त्याच्या वर झाली. चुन्यातून बाहेर पडणारी ओल सिमेंटने अडवली, ती वर चढली, आणि तोपर्यंत उत्तम टिकलेल्या मूळ रंगकामामागे लोणा (ओलीबरोबर वर आलेले क्षार) फुटून पापुद्रे सुटू लागले. सोललेला भाग पुन्हा रंगवता येतो. त्या जुन्या कारागिराच्या हाताने ओढलेली शीर मात्र परत आणता येत नाही, आणि याचे मला आजही वाईट वाटते. बाहेरच्या बाजूला पावसाच्या पाण्याचा फुटका पाइप होता, तो कोणी पाहिलाच नव्हता. आम्ही आधी पाइप बदलला, सिमेंट काढले आणि खांब उघडा ठेवून हिवाळाभर वाळू दिला, त्यानंतरच चुन्याचा गिलावा भरला. ताज्या चुन्यावर तेलरंग दिला तर त्यातील तेलाचा साबण होतो आणि रंग मऊ पडतो, म्हणून तेथेही थांबावेच लागले. कोल्हापूरच्या हवेत हे काम दिवाळीनंतर सुरू करावे असे माझे ठाम मत आहे, आणि ज्याला तेवढी वाट पाहणे जमत नाही त्याने हे काम घेऊ नये.

शिरांविषयीही थोडे लिहिले पाहिजे. नवशिके सारख्या जाडीच्या, एकाच दिशेच्या आणि झाडाच्या मुळांसारख्या फाटे फुटलेल्या शिरा काढतात. खऱ्या दगडात शीर कुठे रुंदावते, कुठे विरते, मध्येच तुटून पुढे पुन्हा दिसते. मी खऱ्या संगमरवराचा तुकडा नेहमी जवळ ठेवतो, रंगाचा वरचा पातळ हात ओला असतानाच शीर ओढतो आणि लगेच कोरडा मऊ ब्रश आडवा फिरवून तिची धार मोडतो. रंगकामात दगडांचे सांधे दाखवलेले असतील तर शीर सांध्यावरून सरळ पलीकडे नेऊ नये, कारण पलीकडचा दगड वेगळा आहे असे मूळ कारागिराने मानलेले असते. पाहणारा किती अंतरावर उभा राहणार, हेही ध्यानात घ्यावे. चित्रपटाकडे वळण्यापूर्वी आनंदराव आणि बाबूराव पेंटर ज्या गावात नाटकांचे पडदे रंगवत होते, त्या कोल्हापुरात तरी हे सांगावे लागू नये: रंगमंचालगतचा खांब प्रेक्षागृहातून पाहण्यासाठी असतो, तर प्रवेशदालनातील खांबाशी माणूस खेटून उभा राहतो.

रंग जुळवताना तो उन्हात किंवा मोबाइलच्या उजेडात जुळवू नये. त्या दालनात जे दिवे लागतात त्यांच्याच उजेडात जुळवावा, आणि तोही पिवळ्या पडलेल्या वॉर्निशशी न जुळवता साफ केलेल्या मूळ तुकड्याशी. जुन्या तेलरंगात शिसे असण्याची शक्यता असते, म्हणून कोरडा पॉलिशपेपर मारू नये.

एका ठिकाणी डाग पडला म्हणून अख्खा खांब नव्याने रंगवणे मला मान्य नाही. जेवढे गेले तेवढेच भरावे, आणि मूळ रंग व नवी भर यांच्यामध्ये सहज विरघळणाऱ्या वॉर्निशचा एक हात द्यावा, म्हणजे पुढच्या कारागिराला आपली भर काढता येईल. पॉलियुरेथेनचा हात एकदा बसला की मूळ रंगाला धक्का न लावता तो निघत नाही. तो लवकर वाळतो आणि चकाकतो म्हणून व्यवस्थापनाला आवडतो, परंतु मी त्याला सरळ नकार देतो आणि वापरलेल्या प्रत्येक हाताची नोंद, रंगांच्या प्रमाणासह, नाट्यगृहाच्या कार्यालयात लिहून ठेवतो.