ब्लॉगच्या कमाईची साधने एका घरात कशी नांदवावीत

सोलापूरविषयी लिहिणाऱ्या ब्लॉगला पैसे साधारणपणे चार वाटांनी येतात: लेखाशेजारच्या जाहिराती, चादरी-टॉवेलांच्या विक्रेत्यांकडे नेणारे कमिशनचे दुवे, शेंगा चटणी आणि कडक भाकरीची थेट मागणी, आणि हुरड्याच्या हंगामात एखाद्या शेताने पुरस्कृत केलेला लेख. प्रत्येक वाटेसाठी तयार साधन मिळते आणि ते सुरू करायला फारसा वेळही लागत नाही, पण प्रत्येकाची चूल वेगळी राहते. त्यामुळे कोणत्या लेखाने किती कमावले, हा साधा प्रश्न विचारला की चौघेही एकमेकांकडे बोट दाखवतात. म्हणून साधने जमवण्याआधी त्यांचे आडनाव ठरवावे.

हे आडनाव म्हणजे लेखाचा संकेतांक. गूगल शीट्समध्ये ‘लेख’ नावाचे पान उघडून त्यात संकेतांक, शीर्षक, वेबवरचा पत्ता (यूआरएल) आणि प्रकाशनाची तारीख एवढेच रकाने ठेवावेत. हुरड्यावरच्या पहिल्या लेखाला ‘हुरडा-०१’ असा, पण रोमन अक्षरांत लिहिलेला संकेतांक द्यावा आणि पुढे शीर्षक दहा वेळा बदलले तरी तो बदलू नये. लेखाचा पत्ताही रोमन लिपीतच ठेवावा. देवनागरीतील प्रत्येक चिन्ह संगणकाच्या साठवणीत तीन बाइट घेते आणि पत्त्यात प्रत्येक बाइटची तीन चिन्हे होतात, त्यामुळे काना-मात्रा धरून सात चिन्हांच्या ‘सोलापूर’ या शब्दाची ६३ चिन्हे होतात. पत्ता कुरूप दिसतो हे एकवेळ चालेल; पण एका अहवालात तो देवनागरीत आणि दुसऱ्यात टक्केचिन्हांच्या रांगेत आला की दोन्ही ओळी एकाच लेखाच्या आहेत हे शीटला कळत नाही, आणि सगळी जुळणी तिथेच फसते.

दुसरे साधन दुव्यांचे. कमिशनचा दुवा लेखात थेट चिकटवू नये. आपल्याच संकेतस्थळावर एक छोटा पत्ता तयार करून तिथून वाचकाला पुढे पाठवावे, म्हणजे विक्रेत्याने दुवा बदलला तर दुरुस्ती एकाच जागी होते. मी हे न करता एकच दुवा चाळीसेक लेखांत हाताने चिकटवला होता आणि तो बंद पडल्यावर एक अख्खा रविवार ते लेख उघडून दुरुस्त करण्यात घालवला. वर्डप्रेसवर यासाठी रिडायरेक्टचे, म्हणजे वाचकाला एका पत्त्यावरून दुसऱ्याकडे पाठवणारे, प्लगइन असते. त्यात ३०१ ऐवजी ३०२, म्हणजे तात्पुरते स्थलांतर, हा प्रकार निवडावा, कारण ३०१ म्हणजे कायमचे स्थलांतर, आणि ब्राउझर ते लक्षात ठेवून आपण केलेला बदल विचारायलाच येत नाही. अशा दुव्याला दुवा पैशांचा आहे हे सर्च इंजिनांना सांगणारी ‘स्पॉन्सर्ड’ ही खूण द्यावी, आणि कमिशन मिळते हे लेखाच्या आरंभीच, शेवटच्या बारीक अक्षरांत नव्हे, वाचकाला सांगावे.

थेट मागणीचे साधन सर्वांत कष्टाचे आहे आणि माझ्या मते सर्वांत मोलाचेही. (खाद्यपदार्थ विकायचे तर एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी आधी करावी.) गूगल फॉर्ममध्ये काही उत्तरे आधीच भरून ठेवलेला दुवा तयार करता येतो. प्रत्येक लेखातील दुव्यात त्या लेखाचा संकेतांक भरून ठेवला की चटणीची मागणी कुठून आली, हे ग्राहकाला विचारावे लागत नाही. फॉर्म भरताच ॲप्स स्क्रिप्टने (गूगल शीटला जोडता येणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमने) पेमेंट गेटवेकडून, म्हणजे ऑनलाइन पैसे स्वीकारणाऱ्या सेवेकडून, पैसे भरण्याचा दुवा मागवावा आणि त्याच्या टिपणात तोच संकेतांक घालावा. पैसे जमा झाल्यावर गेटवे जो निरोप पाठवतो, त्यात हे टिपण परत येते आणि ‘जमा’ नावाच्या पानावर ओळ आपोआप पडते.

इथे तीन खाचखळगे आहेत. एकच निरोप दोनदा येऊ शकतो, म्हणून ओळ लिहिण्याआधी तो पेमेंट क्रमांक पानावर आहे का ते तपासावे. रक्कम बहुधा रुपयांत नव्हे, पैशांत येते. १८० रुपयांची चटणी माझ्या पानावर १८,००० म्हणून उमटली होती, आणि शंभराने भागायचे राहिले आहे हे कळेपर्यंतची ती संध्याकाळ मोठी सुखाची गेली. तिसरी गोष्ट सुरक्षेची: ॲप्स स्क्रिप्टला आलेल्या निरोपाचे हेडर, म्हणजे निरोपाच्या माथ्यावरची माहिती, वाचता येत नाहीत, त्यामुळे निरोप खरा असल्याची खूण म्हणून तिथे पाठवलेली गेटवेची स्वाक्षरी पडताळता येत नाही. निरोपावर विसंबून माल पाठवण्याऐवजी पेमेंट क्रमांक घेऊन स्क्रिप्टनेच गेटवेकडे उलट चौकशी करावी आणि मगच ओळ लिहावी.

जाहिरातींबाबत फारसे करण्यासारखे नाही. गूगलच्या ॲडसेन्स या जाहिरात सेवेत १० डॉलर जमल्यावर घरचा पत्ता पडताळण्याचा पिन टपालाने येतो आणि १०० डॉलर होईपर्यंत पैसे निघत नाहीत, त्यामुळे अंदाजित कमाई आणि बँकेत प्रत्यक्ष आलेली रक्कम यांचे रकाने वेगळे ठेवावेत. महिन्यातून एकदा पानवार अहवाल उतरवून ‘जमा’मध्ये टाकावा, लेखाच्या पत्त्यावरून संकेतांक शोधण्याचे काम एका सूत्राने होते. पुरस्कृत लेखाची रक्कम मात्र हातानेच लिहावी. वर्षाकाठी येणाऱ्या चार नोंदींसाठी यंत्रणा उभारण्यात अर्थ नाही.

आता ‘हिशेब’ हे शेवटचे पान उघडून सम-इफ्स (अटीत बसणाऱ्या ओळींचीच बेरीज करणाऱ्या) सूत्राने प्रत्येक संकेतांकाची चारही वाटांची बेरीज घ्यावी. तुलना मागच्या महिन्याशी नव्हे, तर मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करावी, कारण हुरडा हिवाळ्यातला, सिद्धेश्वराची गड्डा यात्रा संक्रांतीची आणि पंढरपूरची गर्दी आषाढीची. जानेवारीचे आकडे फेब्रुवारीत पडले म्हणून लेख खराब ठरत नाही. सगळे दुवे आठवड्यातून एकदा तपासणारी स्क्रिप्टही याच शीटला जोडावी. ती एका खेपेला सहा मिनिटांपेक्षा जास्त चालत नाही, म्हणून दुवे थोडेथोडे करून तपासावेत आणि यात्रेच्या लेखांची पाळी डिसेंबर उजाडण्याआधी येईल असा क्रम लावावा.