चार सळयांनी मातीची रोधकता मोजणे : वेनर पद्धत प्रत्यक्ष जमिनीवर

अर्थ रॉड, म्हणजे विजेची गळती जमिनीत सोडण्यासाठी पुरलेली धातूची कांब, किती लांब घ्यायचा, एक पुरेल की तीन लागतील, याचं उत्तर त्या जागेच्या मातीत असतं. माती बदलली की तोच रॉड कधी ५ ओहम देतो, कधी १०० ओहम. तरी बहुतेक ठिकाणी आधी रॉड ठोकतात आणि मग मोजतात. क्रम उलटा हवा. जमिनीची रोधकता, म्हणजे माती विजेच्या प्रवाहाला किती अडवते ते, खड्डा न खणता मोजायची रीत फ्रँक वेनर यांनी १९१५ साली अमेरिकेच्या ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समधून प्रसिद्ध केली, आणि अर्थिंगचं डिझाइन करणारे आजही तीच वापरतात. ट्रामच्या रुळांतून जमिनीत गळणाऱ्या प्रवाहामुळे गॅसचे आणि पाण्याचे नळ का गंजतात, याचा तपासही ब्युरोमध्ये त्याच काळात चालू होता. जमीन वीज कशी वाहून नेते हे तेव्हा रस्त्यावरच्या रोजच्या नुकसानीशी जोडलेलं होतं.

रीत अशी. एका सरळ रेषेत, सारख्या अंतरावर चार सळया ठोकायच्या. बाहेरच्या दोन सळयांतून प्रवाह सोडायचा आणि आतल्या दोन सळयांमधला व्होल्टेज मोजायचा. व्होल्टेजला प्रवाहाने भागलं की मिळतो तो रोध; अर्थ टेस्टर हा भागाकार करूनच आकडा दाखवतो. मग:

रोधकता (ओहम-मीटर) = ६.२८ × सळयांमधलं अंतर (मीटर) × वाचन (ओहम)

दोनऐवजी चार सळया का, हे समजून घेणं महत्त्वाचं आहे. सळई आणि माती यांच्यामधला संपर्करोध मोठा आणि बेभरवशाचा असतो. दोनच सळयांनी मोजलं तर आकड्यात जमिनीपेक्षा तो संपर्कच जास्त दिसतो. व्होल्टेज मोजणाऱ्या सळया वेगळ्या ठेवल्या की त्यांच्यातून जवळजवळ प्रवाह वाहत नाही, त्यामुळे त्यांचा संपर्करोध वाचनात येत नाही.

साहित्य: चार टर्मिनलचा अर्थ टेस्टर, सुमारे १२ मिलिमीटर जाडीच्या आणि ४५ सेंटिमीटर लांबीच्या चार लोखंडी सळया, इन्सुलेशन असलेल्या वायरची चार रिळं, घट्ट पकडणाऱ्या क्लिपा, ५० मीटरची टेप, हातोडा, पाण्याचा कॅन. साधी बॅटरी आणि मल्टिमीटर घेऊन हे काम करू नका. एकाच दिशेचा प्रवाह सोडला की सळयांच्या पृष्ठभागावर ध्रुवीकरण होतं, म्हणजे तिथे भार साठून खोटा व्होल्टेज तयार होतो, शिवाय जमिनीत आधीच असलेले छोटे व्होल्टेज वाचनात मिसळतात. गिश आणि रूनी या भूभौतिकशास्त्रज्ञांनी १९२५ साली यावर हाताने फिरवायचा दुहेरी कम्युटेटर वापरला: प्रवाहाची दिशा आणि मीटरची जोडणी एकाच वेळी उलटायची. आजचे टेस्टर आतल्या आत उलटसुलट प्रवाहच सोडतात, आणि विजेच्या लाइनची ढवळाढवळ टळावी म्हणून त्याची वारंवारता ५० हर्ट्झपासून दूर ठेवलेली असते.

टेस्टरवर सी-१ आणि सी-२ ही प्रवाहाची (बाहेरच्या सळयांची) टर्मिनलं असतात, पी-१ आणि पी-२ व्होल्टेजची (आतल्या सळयांची). सी-१ आणि पी-१ यांना जोडणारी पट्टी असेल तर ती आधी काढा. बसवलेल्या रॉडचा रोध मोजण्याच्या तीन टर्मिनलच्या चाचणीसाठी ती लावलेली असते. ती तशीच राहिली तर सळईचा संपर्करोध परत वाचनात येतो आणि आकडा वाढतो.

आता मोजणीच्या रेषेचा मध्यबिंदू ठरवून तिथे खूण करा आणि दोन्ही बाजूंना टेप पसरा. मध्यबिंदूपासून आतल्या सळया अंतराच्या निम्म्यावर आणि बाहेरच्या दीडपटीवर येतात. अंतर १ मीटर असेल तर ०.५ आणि १.५ मीटर, २ ला १ आणि ३, ४ ला २ आणि ६, ८ ला ४ आणि १२, १६ ला ८ आणि २४ मीटर. मध्य न हलवता अंतर वाढवत गेलं की प्रत्येक वाचन त्याच जागेखालचं, पण अधिक खोलवरचं मिळतं.

सळया खोल ठोकण्याचा मोह आवरा. वरचं सूत्र सळई अंतराच्या मानाने उथळ आहे असं धरतं. खोली अंतराच्या विसाव्या भागापर्यंत असेल तर चूक अर्ध्या टक्क्याच्या आत राहते. दहाव्या भागाला ती पावणेदोन टक्क्यांच्या आसपास जाते, आणि पाचव्या भागाला खरी रोधकता सूत्रापेक्षा साडेसहा टक्क्यांच्या आसपास जास्त निघते. म्हणजे २ मीटर अंतराला १० सेंटिमीटर, १ मीटरला ५ सेंटिमीटर पुरे. कोरड्या मातीत एवढ्या उथळ सळईतून पुरेसा प्रवाह जात नाही आणि आकडा नाचत राहतो. अशा वेळी बाहेरच्या सळईच्या बुडाशी थोडं पाणी ओता, किंवा तिच्या शेजारी, रेषेला काटकोनात, दुसरी सळई ठोकून दोन्ही जोडा. मोठा भाग भिजवू नका, नाहीतर मोजाल ते ओतलेलं पाणी.

जोडणीचा क्रम सी-१, पी-१, पी-२, सी-२. इथे चूक सहज होते. दोन्ही सी एका बाजूला आणि दोन्ही पी दुसऱ्या बाजूला लागले तर सारख्या मातीत वाचन खऱ्याच्या बरोबर एक तृतीयांश येतं. आकडा अशक्य वाटत नाही, म्हणून चूक लक्षातही येत नाही आणि डिझाइन धोकादायकरीत्या आशावादी होतं. वाचन घेतल्यावर सी आणि पी जोड्यांची पूर्ण अदलाबदल करून पाहा: प्रवाह आतल्या सळयांतून, व्होल्टेज बाहेरच्या सळयांवर. जमीन कशीही असली तरी दोन्ही वाचनं जुळली पाहिजेत. जुळली नाहीत तर एखादी क्लिप सैल आहे, संपर्क वाईट आहे किंवा जमिनीत भटका प्रवाह फार आहे. या तपासणीला दोन मिनिटं लागतात. ती केल्याशिवाय आकडा वहीत लिहू नये.

मोजणी चालू असताना सळयांना हात लावू नका आणि गुरं-मुलं दूर ठेवा. गडगडाट ऐकू येताच काम थांबवा. चालू सबस्टेशनजवळ काम असेल तर तिथल्या फॉल्टमुळे लांब वायरवर धोकादायक व्होल्टेज येऊ शकतो, तेव्हा हातमोजे आणि तिथल्या जबाबदार माणसाची परवानगी दोन्ही हवीत.

सर्वात फसवी गोष्ट म्हणजे जमिनीखालचं धातू. रेषेला समांतर नळ, आर्मर्ड केबल किंवा लोखंडी खांबांचं कुंपण असेल तर प्रवाह त्यातून सोपी वाट काढतो आणि रोधकता खोटी कमी दिसते. म्हणून त्याच मध्यबिंदूवर काटकोनात दुसरी रेषा घ्याच. दोन रेषांत मोठा फरक आला तर जागा बदला. दोन्हींची सरासरी काढून प्रश्न सुटत नाही. अंतर मोठं झालं की वाचन ओहमच्या अंशात येतं. तेव्हा प्रवाहाची आणि व्होल्टेजची वायर शेजारी शेजारी पसरू नका. एकीतून दुसरीत प्रेरित होणारा व्होल्टेज खऱ्या वाचनाच्या तोडीचा होऊ शकतो. उरलेली वायर रिळावर गुंडाळलेली ठेवण्याऐवजी मोकळी सोडा.

समजा वाचनं अशी आली:

१ मीटर: २७ ओहम, म्हणजे १७० ओहम-मीटर
२ मीटर: ११.५ ओहम, १४४
४ मीटर: ३.१ ओहम, ७८
८ मीटर: १.२ ओहम, ६०
१६ मीटर: ०.५५ ओहम, ५५

४ मीटरच्या ओळीतले ७८ म्हणजे ४ मीटर खोलीवरच्या मातीची रोधकता, असं वाचू नका. पृष्ठभागापासून साधारण त्या खोलीपर्यंतच्या सगळ्या थरांचा तो एकत्रित परिणाम आहे. कल मात्र स्पष्ट आहे: वरचा थर कोरडा आणि खालची माती ओलसर. इथे लांब रॉडचा फायदा मिळेल. आकडे उलट वाढत गेले तर खाली खडक किंवा कोरडा मुरूम असतो. तिथे रॉड खोल नेण्यात पैसा घालवण्यापेक्षा अर्थिंगची धातूची पट्टी आडवी आणि लांब पुरणं बरं.

रॉडच्या रोधाचा अंदाज काढायला विद्युत अभियंता ड्वाइट यांचं १९३६ मधलं सूत्र पुरतं:

रॉडचा रोध = रोधकता ÷ (६.२८ × लांबी) × [नैसर्गिक लॉग (८ × लांबी ÷ व्यास) − १]

सगळी मापं मीटरमध्ये घ्या. १०० ओहम-मीटरच्या एकसारख्या मातीत ३ मीटर लांब आणि १६ मिलिमीटर जाड रॉड सुमारे ३३.५ ओहम देतो. जाडी दुप्पट केली तर २९.८. लांबी दुप्पट केली तर १८.६. जाड रॉड सहज वाकत नाही आणि जास्त वर्षं टिकतो, हे खरं. पण रोध कमी करण्यासाठी जाडीवर खर्च करू नये. दोन रॉड समांतर जोडायचे असतील तर त्यांच्यात निदान एका रॉडच्या लांबीएवढं अंतर ठेवा, दुप्पट असेल तर उत्तम. जवळ ठोकलेले रॉड एकाच मातीतून प्रवाह सोडतात, त्यामुळे रोध निम्मा होत नाही.

मोजणीचा दिवसही निवडावा लागतो. पावसानंतर घेतलेलं वाचन वर्षातला चांगला दिवस दाखवतं, आणि अर्थिंग तर कोरड्यातल्या कोरड्या दिवशीही चाललं पाहिजे. म्हणून कोरड्या मोसमात मोजा. जिथे जमीन गोठते तिथे गोठलेल्या थराची रोधकता कितीतरी पटींनी वाढते, म्हणून रॉड त्या थराच्या खाली जाईल एवढा लांब घ्या. वहीत तारीख, शेवटचा पाऊस, रेषेची दिशा, सळयांची खोली आणि अदलाबदलीची दोन्ही वाचनं लिहा. रॉड बसल्यावर तीन टर्मिनलच्या चाचणीने त्याचा प्रत्यक्ष रोध मोजा. अंदाजापेक्षा तो बराच जास्त निघाला तर आधी रॉडभोवतीची सैल माती आणि वरची क्लॅम्प तपासा.