सहा मीटरचा पाइप कमी भंगारात कसा कापावा

साकीनाक्याला आमचा गाळा आहे, ग्रिल आणि दरवाजांचं काम. मुंबईत गाळ्याचं भाडं बघता उरलेले तुकडे साठवायलाही जागा नसते. त्यामुळे पाइप आधी कागदावर कापायचा, मग कटरखाली. नवीन पोरांना मी पहिलं हेच शिकवतो.

ऑर्डरची सगळी मापं मिलिमीटरमध्ये, मोठ्यापासून लहानाकडे लिहा. समजा २४००, १७५० आणि ११५० चे प्रत्येकी ४ तुकडे हवेत आणि पाइप ६००० चा आहे. कटरची चकतीही प्रत्येक कापात थोडा माल खाते. टाकाऊ तुकड्यावर एक काप मारून किती खाते ते मोजा. ३ मिमी धरू. हे ३ मिमी विसरलात तर शेवटचा तुकडा आखूड पडतो आणि अख्खा नवा पाइप फोडावा लागतो.

एकेक माप सरसकट कापत गेलं की ५ पाइप जातात. त्याऐवजी मोठं माप आधी बसवा आणि उरलेल्या लांबीत बसेल ते लहान माप घाला. पहिल्या दोन पाइपांत २४०० चे दोन-दोन आणि शेवटी ११५० चा एकेक. उरतात फक्त ४१ मिमी. तिसऱ्यात १७५० चे तीन. चौथ्यात १७५० चा एक आणि ११५० चे दोन. चारात भागलं.

इथे बरेच जण थांबतात, पण खरी कमाई पुढे आहे. तिसऱ्यात ७४१ उरलंय, चौथ्यात १९४१. तिसऱ्यातला एक १७५० चौथ्यात न्या, चौथ्यातले दोन्ही ११५० तिसऱ्यात आणा. आता १८८ आणि २४९४ उरतात. पाइप तेवढेच, पण त्या २४९४ मधून पुढच्या कामाचा २४०० चा तुकडा सरळ निघतो.

मापं पंधरा-वीस झाली की कटिंगचं सॉफ्टवेअर घ्या. त्यामागचं गणित जुनं आहे: सोव्हिएत गणिती कांटोरोविच यांनी १९३९ मध्ये हा प्रश्न मांडला, गिल्मोर आणि गोमोरी यांनी १९६१ मध्ये तो मोठ्या कामांसाठी सोडवण्याची रीत दिली.

कटरवर मोठे तुकडे आधी कापा. २४०० चा तुकडा चुकून आखूड झाला तरी १७५० ला चालतो. उरलेल्या तुकड्यावर लगेच खडूने माप लिहा आणि पुढची यादी करताना आधी तेच तुकडे बघा.