अंध परीक्षार्थीचा लेखनिक व्हायचंय? मग एवढं करा

फेब्रुवारी उजाडला की अंधशाळा, वसतिगृहं आणि कॉलेजच्या ग्रुपवर एकच निरोप फिरू लागतो: 'रायटर पाहिजे.' अंध परीक्षार्थी सांगेल ती उत्तरं लिहून देणाऱ्याला सरकारी कागदावर लेखनिक म्हणतात, मुलं रायटरच म्हणतात. हो म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यातले बरेच नियमात बसत नाहीत आणि बसणाऱ्यांपैकी कुणीतरी आदल्या रात्री 'सॉरी, जमणार नाही' असा मेसेज टाकतो. वर्षभर ऐकून ऐकून केलेला अभ्यास मग केंद्राच्या दारात अडतो. म्हणून नाव द्यायच्या आधीच काही गोष्टी पक्क्या करा.

१. तुम्ही चालता का, ते बघा

इथे शिक्षण जास्त असणं ही अडचण असते. केंद्र सरकारच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनी सूत्र घालून दिलं होतं की परीक्षार्थीने स्वतः आणलेल्या लेखनिकाचं शिक्षण त्याच्यापेक्षा एक पायरी खाली असावं. दहावीच्या पेपरला म्हणूनच नववीतली किंवा त्याखालची मुलं बसतात. तुम्ही एम.ए. असाल तर दहावीच्या मुलासाठी तुमचा उपयोग नाही, पण आठवीतली तुमची मुलगी चालेल. पदवीधर उमेदवार स्पर्धा परीक्षेला बसणार असेल, तर कॉलेजात शिकणारा मुलगा चालू शकतो. बोर्ड, विद्यापीठ, बँक, लोकसेवा आयोग, प्रत्येकाचे बारकावे वेगळे आणि ते बदलतही राहतात. त्यामुळे 'गेल्या वर्षी चाललं होतं' यावर विसंबू नका. त्या परीक्षेची ताजी सूचना परीक्षार्थीसोबत बसून वाचा.

२. नाव कुठे द्यायचं

जवळच्या अंधशाळेत किंवा कॉलेजच्या दिव्यांग कक्षात. मुंबईत वरळीला नॅब (नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड) ही १९५२ साली सुरू झालेली संस्था आहे, सेंट झेवियर्स कॉलेजात दृष्टिहीनांसाठीचं संसाधन केंद्र आहे. पुण्यात अंधशाळा कोरेगाव पार्कला आहे. लहान गावात थेट शाळेच्या मुख्याध्यापकांना भेटा, काम लवकर होतं. नाव देताना आपला वर्ग, कोणत्या भाषा भरभर लिहिता येतात आणि कोणत्या तारखांना मोकळे आहात, हे स्पष्ट सांगा. अक्षर सुंदर नसलं तरी चालेल, वाचता आलं पाहिजे.

३. कागद

लेखनिकाचा फोटो, ओळखपत्र, शाळेचा दाखला आणि हमीपत्र हे साधारण लागतंच. परीक्षार्थीचं दिव्यांग प्रमाणपत्र किंवा यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) त्याच्याकडे असतं. हमीपत्रात तुमचं शिक्षण खोटं लिहिलेलं निघालं, तर त्याचा फटका परीक्षार्थीला बसतो. तेव्हा 'चालवून घेऊ' म्हणणाऱ्याचं ऐकू नका.

४. पेपरच्या आधी एकदा तरी बसा

परीक्षा मंडळाने लेखनिक दिला तर परीक्षार्थीला दोन दिवस आधी त्याला भेटता यावं, असं त्याच सूचनांत आहे. तुम्ही स्वतःहून जात असाल तर आणखी आधी भेटा. जुनी प्रश्नपत्रिका घ्या आणि तासभर खरोखरच लिहा. तो किती वेगाने सांगतो, विरामचिन्हं सांगतो की तुमच्यावर सोडतो, नवा परिच्छेद कसा सुचवतो, सगळं इथेच कळतं. नववीतली मुलगी दहावीतल्या मुलीसाठी लिहीत असेल तर तिला 'ताई, जरा हळू' म्हणायचा धीरही याच तासाभरात येतो.

भाषेच्या पेपराचा प्रश्न इथेच मिटवा. 'दिन' सांगितलं तर ऱ्हस्व की दीर्घ? दिवस की गरीब? शुद्धलेखनाचे गुण परीक्षार्थीचे आहेत, तेव्हा कुठे विचारायचं आणि कुठे तुमच्या अंदाजाने लिहायचं, हे त्याने ठरवायचं.

गणित असेल तर वाचायची पद्धत ठरवून घ्या. 'अ अधिक ब चा वर्ग' असं वाचलं तर वर्ग एकट्या 'ब'चा की दोघांचा, ऐकणाऱ्याला कसं कळणार? 'कंस सुरू, अ अधिक ब, कंस पूर्ण, कंसाचा वर्ग' असं वाचा. अपूर्णांकात 'अंशात' आणि 'छेदात' हे शब्द न चुकता म्हणा.

५. केंद्रावर

परीक्षार्थीच्या हाताला धरून ओढू नका. आपला कोपर पुढे करा, तो धरेल, तुम्ही अर्धं पाऊल पुढे चाला. जिना आला की 'पायऱ्या आहेत, वर जातायत' एवढं पुरे. बाकाशी आलात की त्याचा हात बाकाच्या पाठीवर ठेवा, बसायचं तो बघेल. उठून जाताना सांगून जा. रिकाम्या खुर्चीशी बोलत राहण्याची वेळ कुणावर आणू नये.

६. प्रश्नपत्रिका वाचणं

खरी कसोटी इथे आहे. आधी अख्खी प्रश्नपत्रिका एकदा वाचा: किती प्रश्न, किती गुण, 'खालीलपैकी कोणतेही तीन' कुठे आहे. कोणत्या क्रमाने सोडवायचं ते त्याने ठरवायचं. आकृती किंवा नकाशाच्या प्रश्नाला पर्यायी प्रश्न दिला आहे का, ते याच वेळी शोधा.

पर्याय वाचताना आवाज सपाट ठेवा. 'सत्यशोधक समाजाची स्थापना कोणी केली?' हा प्रश्न आणि चार नावं समोर असली, तर उत्तर ठाऊक असलेल्या मुलाची जीभ 'महात्मा फुले'पाशी नकळत रेंगाळते. ऐकून शिकलेल्या माणसाचे कान असे रेंगाळणे लगेच टिपतात. हीसुद्धा कॉपीच.

याहून अवघड प्रसंग म्हणजे तो चूक सांगतो आणि तुम्हाला बरोबर माहीत असतं. सत्यशोधक समाजाच्या स्थापनेचं वर्ष १८७३ च्या ऐवजी १८५७ सांगितलं, तर १८५७ लिहायचं. 'नक्की १८५७ ना?' असं फक्त चुकीच्याच जागी विचारलं की तोही इशाराच झाला. म्हणून आधीच ठरवा, प्रत्येक आकडा परत म्हणून दाखवायचा किंवा एकही नाही. हात आणि डोळे तुमचे, डोकं त्याचं. उलट बाजूही तितकीच खरी. त्याने सांगितलेलं लांबट वाटलं म्हणून तुम्ही आखडतं घेतलंत, तर गुण त्याचे जातात.

तो 'मागचं वाच' म्हणाला की लिहिलंय तसंच वाचा, सुधारून नाही. दर अर्ध्या तासाने वेळ सांगा, कारण भिंतीवरचं घड्याळ त्याच्यासाठी नसतं. प्रश्नक्रमांक, पुरवणीवरचा बैठक क्रमांक आणि पुरवण्यांचा क्रम ही मात्र सर्वस्वी तुमची जबाबदारी. शेवटची पाच मिनिटं त्यासाठीच राखून ठेवा.

७. जादा वेळ

तासाला किमान वीस मिनिटं जादा मिळतात, म्हणजे तीन तासांचा पेपर चार तासांचा. शेवटच्या तासाला बाकीचे वर्ग सुटलेले असतात, व्हरांड्यात गलका असतो, पर्यवेक्षकाची चुळबुळ सुरू होते. कुणी 'आटपा आता' म्हणालं तर वाद न घालता केंद्रप्रमुखांना बोलवायला सांगा, नियम त्यांना माहीत असतो. चार तास लिहायचं म्हणजे बोटं दुखतात. दोन पेनं, पाणी आणि खाऊन निघणं, एवढी तयारी हवीच. ऐन दिवशी आजारी पडलात तर सकाळी उठल्या उठल्या फोन करा. शहाणा परीक्षार्थी दुसऱ्या लेखनिकाचं नाव आधीच विचारून ठेवतो. त्याचा राग मानू नका.

नियमात न बसणाऱ्यांनी काय करावं

वय किंवा शिक्षण आड येत असेल तर परीक्षेआधीचं काम घ्या. मराठी नोट्सची फार ओरड असते. जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टमध्ये टाइप केलेलं किंवा फोटो काढून पाठवलेलं पान एनव्हीडीएसारखा स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) धड वाचू शकत नाही. तेच पान तुम्ही युनिकोडमध्ये, म्हणजे फोनवर एरवी मराठी टाइप करतो तसं, टाइप करून दिलंत, तर विद्यार्थी ते फोनवरही ऐकू शकतो. टाइप करून पाठवायच्या आधी आपल्या फोनवर टॉकबॅक (अँड्रॉइड फोनमधला स्क्रीन रीडर) चालू करून एकदा स्वतः ऐका, शीर्षकं आणि तक्ते कुठे गडबडतात ते समजेल. पुस्तक वाचून रेकॉर्ड करणार असाल तर प्रकरणागणिक वेगळी फाइल करा, पान बदललं की पानाचा क्रमांक सांगा आणि नाट्यवाचन टाळा. दृष्टिहीनांसाठी पुस्तक सुलभ स्वरूपात आणायला कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीपासून मुभा आहे, फक्त ती फाइल सगळ्यांना वाटत सुटू नका. आणि सुरुवात करायच्या आधी त्या विद्यार्थ्याला विचारा, आधी कोणता धडा हवा. दहा धडे हौसेने रेकॉर्ड करायचे आणि उद्याच्या चाचणीचा अकरावा राहून जायचा, असं होतं.