पाट्याचा कोयता पारखून कसा घ्यावा

चिपळूणजवळच्या आमच्या गॅरेजमध्ये मी 26 वर्षं ट्रकच्या पाट्यांचं, म्हणजे चाकांवरचे धक्के झेलणाऱ्या स्प्रिंगच्या पोलादी पट्ट्यांचं, काम केलं. तुटलेला पाटा काढायचा, नवा बसवायचा, जुना भिंतीला टेकवून ठेवायचा. तो जुना पाटा संध्याकाळपर्यंत कोणी ना कोणी मागून न्यायचंच. आमच्याकडे कोयता करायचा तर लोकांना पाट्याचाच हवा असतो. आता गॅरेज मुलगा बघतो आणि मी बागेत रमतो. पावसाळा सरला की भाचेमंडळींना घेऊन रानात मुक्कामालाही जातो. त्यांच्यातले दोघे गेल्या वर्षी चकचकीत पातं बघून कोयते घेऊन आले. पहिल्याच संध्याकाळी एकाची मूठ निखळली, दुसऱ्याची धार दुमडली. तेव्हापासून हे सगळं नीट सांगायचं मनात होतं.

आधी कापायचं काय, ते ठरवा. घाणेरी, रानमोडी, करवंदीची जाळी असं बोटाएवढं जाड काही साफ करायचं असेल तर 3 मिलिमीटर पाठीचा (पाठ म्हणजे पात्याची धारेच्या उलट बाजूची जाड कड) हलका कोयता पुरतो. दिवसभर चालवला तरी खांदा भरून येत नाही. बांबू, मनगटाएवढं सरपण, ऐनाचं वाळकं लाकूड फोडायचं असेल तर पाठ 5 मिलिमीटरची आणि एकूण वजन 700-800 ग्रॅम हवं. पातं दहा ते बारा इंच. त्याहून लांब पातं जाळीत अडकतं. ऊसतोडीचा कोयता रानात नेऊ नका. ऊसतोड कामगारांत नवराबायकोच्या जोडीलाच ‘एक कोयता’ म्हणतात, इतकं त्या अवजारावर त्यांचं पोट आहे. पण ते रसरशीत उसासाठी घडवलेलं असतं. वाळक्या लाकडाचे घाव त्याला सोसत नाहीत.

आता पोलाद. पाट्याच्या पोलादात सिलिकॉन आणि मँगेनीज असतं, कार्बन अर्ध्या टक्क्याच्या थोडा वर. त्यामुळे ते कडकही होतं आणि दणका बसला की लवून परत जागेवरही येतं. ट्रक वर्षानुवर्षं खड्ड्यांतून त्याच्याच जोरावर चालतो. साध्या लोखंडी पट्टीचा कोयता दिसायला तसाच दिसतो, पण धार टिकत नाही. दुकानात जाताना खिशात एक नवी बारीक कानस ठेवा आणि विचारून धारेवर हलकेच फिरवा. ती निसटत निसटत, कष्टाने धरली पाहिजे. लोण्यासारखी धरली तर पातं मऊ आहे. काचेवरून सरकावी तशी सरकली तर पातं फार कडक आहे, ते ठिकऱ्या उडवणार. पाठीवर मात्र कानस सहज धरायला हवी. पाठ मऊ असेल तरच घावाचा दणका ती पिते.

पाट्याचा कोयता म्हणजे डोळे मिटून घ्यावा, असंही नाही. माझा पहिला कोयता मी स्वतः निवडलेल्या पाट्याचा होता. दुसऱ्या महिन्यात बांबूच्या पेरावर घाव घातला आणि टोकाकडचं दोन इंच पातं कानाजवळून निघून गेलं. तुकडा शोधून बघितला. तुटलेल्या जागेचा अर्धा भाग काळपट, गंजलेला होता आणि उरलेला अर्धा ताजा, रुपेरी, दाणेदार. म्हणजे भेग आधीपासून होती. मी तोडला तो फक्त उरलेला अर्धा. पाटा लाखो वेळा वाकून-उलगडून थकतो आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा त्याला पडतात, बहुतेक वेळा मधल्या बोल्टाच्या भोकाजवळ.

तेव्हापासून लोहाराकडे पाटा देण्याआधी मी गॅरेजातली जुनी युक्ती वापरतो. पाटा घासून लख्ख करायचा, तासभर डिझेलमध्ये बुडवून ठेवायचा, मग कापडाने खडखडीत पुसून वरून खडूची पूड चोळायची. भेग असेल तर तिच्यात शिरलेलं डिझेल थोड्या वेळात बाहेर झिरपतं आणि पांढऱ्यावर केसासारखी काळसर रेघ उमटते. तयार कोयत्यालाही हीच परीक्षा चालते. रेघ दिसली की तो घेऊ नका, कितीही स्वस्त असला तरी.

लोहाराकडून घडवून घेणार असाल तर पाणी देताना, म्हणजे पातं तापवून, बुडवून कडक करताना, समोर उभे राहा. तांबडं झालेलं पातं लोहचुंबकाला चिकटेनासं झालं की ते बुडवायची वेळ झाली. पाट्याचं पोलाद तेलात बुडवलेलं चांगलं, थेट पाण्यात तडकायची भीती असते. पण खरं काम त्यानंतरचं. कडक झालेलं पातं घासून चकचकीत करायचं आणि पाठीकडून पुन्हा हळूहळू तापवायचं. रंग चढताना दिसतो: आधी गवती पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, मग निळा. पाठ निळी झाली आणि धारेवर जांभळा पोचला की थांबवायचं. आमचा लोहार हे उन्हात करत नाही, भात्याजवळच्या सावलीतच करतो, कारण उन्हात रंग फसवतो.

आकाराबद्दल माझं मत पक्कं आहे: सह्याद्रीत पुढे वाकलेलं नाक हवंच. त्या नाकाने वेल ओढून घेता येतात. शिवाय जमिनीलगत कापताना कातळाला आधी नाक टेकतं आणि धार वाचते. माशेटी, म्हणजे सरळ लांब पात्याचा परदेशी कोयता, ओल्या, लुसलुशीत झाडोऱ्यासाठी उत्तम, पण आपल्या दगडाळ रानात तिची धार लवकर जाते.

मूठ धामणीची किंवा बाभळीची घ्या. धामण चिवट असते, म्हणून कुऱ्हाडीचे दांडेही तिचे करतात. लाकडाचे रेषे मुठीच्या लांबीला धरून गेलेत ना, ते बघा. आडवे रेषे फाटतात. पात्याचं शेपूट मुठीतून आरपार जाऊन मागे वळवलेलं असावं, नाहीतर दोन रिबिटांनी पक्कं केलेलं. नुसतं अर्ध्या मुठीत ठोकून लाखेने बसवलेलं शेपूट आज ना उद्या सुटतं, आणि सुटलेलं पातं कोणाच्या दिशेने जाईल सांगता येत नाही. मूठ गोल नको, अंडाकृती हवी, म्हणजे घामेजल्या हातात ती फिरत नाही. शेवटाला थोडा फुगवटा असावा. पाठ ओंडक्यावर हलकेच आपटून बघा. मुठीत खुळखुळ जाणवली तर कोयता परत ठेवा.

धार कानशीने किंवा कुरुंदाच्या दगडावर लावा. ग्राइंडरवर धार निळी पडली की तिचं पाणी उतरलं. नेताना घरी कोयता अडकवायच्या आकडीत कंबरेला, प्रवासात मात्र सायकलच्या जुन्या टायरची पट्टी धारेवर चढवून, पिशवीच्या तळाशी, कापडात गुंडाळून. शहरात जमावबंदी, शस्त्रबंदीचे आदेश निघतात, तेव्हा उघडा कोयता दिसला तर चौकशी होणारच. आणि राखीव जंगलात परवानगीशिवाय झाड तोडणं हा 1927च्या वन कायद्याने गुन्हा आहे. सरपण घरून न्या. कोयता आपल्या बागेत आणि परवानगी घेतलेल्या कामातच चालवा.

कापताना पाय घावाच्या रेषेबाहेर ठेवा. कोयत्यासकट लांब केलेल्या हाताच्या दुप्पट अंतरात दुसरा माणूस नको. कोयता हातातून हातात देऊ नका, खाली ठेवा आणि दुसऱ्याला उचलू द्या. बांबू आणि रोपटी तिरकी तोडू नका, जमिनीलगत सपाट कापा. तिरका बुंधा भाल्यासारखा उभा राहतो आणि अंधारात घसरलेल्या माणसाच्या पोटात शिरतो. शेर आणि बिबा या झाडांना हात लावू नका. शेराचा चीक डोळ्यांत गेला तर डोळ्यांवर बेततं, बिब्याने अंगावर फोड येतात. काजूफणसाचा चीक पात्यावर वाळू देऊ नका, खोबरेल लावून पुसा.

नवा कोयता आणला की त्याच दिवशी वाळक्या बाभळीवर पन्नास घाव घाला आणि धार उन्हात धरून तिच्यावर नख फिरवा. खाच लागली तर पाणी जास्त झालंय, पुन्हा तापवून उतरवायला हवं. धार एका बाजूला दुमडली तर पाणी कमी पडलंय. दोन्हींवर लोहाराकडे इलाज आहे, फक्त लगेच घेऊन जा.