नकाशांचं भाडं कसं कमी केलं

आमची संस्था छोटी, पैसा मोजका. ऑनलाइन नकाशांच्या साठवणुकीचं बिल मात्र दर महिन्याला फुगत होतं. मला वाटायचं, सर्वेक्षणाचे फोटो जागा खात असतील. तपासलं तर खरा खादाड निघाला हद्दींचा थर.

त्या थराच्या जिओजेसनमध्ये (नकाशाचा डेटा मजकुरासारखा साठवणारी फाइल) अक्षांश-रेखांश दशांशानंतर 15 स्थळांपर्यंत लिहिलेले. एक अंश अक्षांश म्हणजे सुमारे 111 किमी, म्हणजे सहाव्या स्थळालाच आपण 11 सेंमीपर्यंत पोचतो. पुढचे आकडे कोणासाठी? सहा ठेवले, बाकी छाटले. मग हद्दींच्या रेषा सोप्या केल्या. क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमधल्या साध्या ‘सिम्प्लिफाय’ने शेजारच्या हद्दींत फटी पडल्या, म्हणून मॅपशेपर हे रेषा सोप्या करणारं साधन वापरलं. ते सामाईक सीमा एकदाच सोपी करतं, त्यामुळे सांधा जुळलेला राहतो.

दुसरी चूक माझीच होती. टाइल्स, म्हणजे नकाशाचे छोटे चौकोनी तुकडे, उगाच झूमच्या 18व्या पायरीपर्यंत बनवल्या होत्या. प्रत्येक पायरीला टाइल्स चौपट होतात. 14 वर थांबलं की त्या चार पायऱ्यांचा 256 पट पसारा टळतो. व्हेक्टर टाइल्स (चित्राऐवजी रेषा-बिंदूंचा डेटा असलेल्या) त्यापुढेही धूसर न होता मोठ्या होतात.

शेवटी टिपेकॅनो या टाइल्स बनवणाऱ्या साधनाने सगळ्याची एकच पीएमटाइल्स फाइल (सगळ्या टाइल्स एकत्र ठेवणारी) केली आणि साध्या ऑब्जेक्ट स्टोरेजवर, म्हणजे फाइली ठेवायच्या ऑनलाइन जागेवर ठेवली. ब्राउझर हवा तेवढाच तुकडा मागवतो, वेगळा टाइल सर्व्हर लागत नाही. सीओआरएसची (दुसऱ्या संकेतस्थळाला फाइल वाचू देण्याची) सेटिंग विसरल्याने नकाशा आधी कोराच दिसला, त्यात एक संध्याकाळ गेली.

सशुल्क सेवेवर आता फक्त रोज बदलणारा थर आहे. मूळ डेटा झिप करून वेगळा ठेवलाय. छाटलेले आकडे परत येत नाहीत.