श्रद्धेच्या वादात पुरावा कसा मागावा आणि कसा तोलावा

देवाधर्मावरच्या वादात पुरावा मागण्यापूर्वी तो कोणत्या विधानासाठी मागायचा आहे, हे ठरवावे लागते. “मूर्तीने दूध प्यायले”, “नवसाने मुलगा बरा झाला”, “हे महाभारतात लिहिले आहे”, “मला साक्षात्कार झाला” आणि “देव आहे” ही पाच विधाने बोलताना एकाच दमात येत असली, तरी त्यांची पडताळणी पाच निरनिराळ्या रीतींनी होते आणि एकाचा निकाल दुसऱ्याला लावता येत नाही. म्हणून वाद सुरू होताना समोरच्याचे विधान आपल्या शब्दांत मांडून “तुमचे म्हणणे हेच ना?” असे विचारावे, आणि त्याने होकार दिल्यावरच पुढे जावे. कागदावर लिहून घेतले तर अधिक बरे, कारण पुरावा प्रतिकूल निघू लागला की विधान हळूहळू सरकू लागते.

दुसरी गोष्ट चर्चेच्या हेतूची. न्यायसूत्रांनी, म्हणजे भारतीय तर्कशास्त्राच्या न्यायदर्शनाच्या मूळ ग्रंथाने, चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत: सत्य ठरवण्यासाठी होतो तो वाद, जिंकण्यासाठी होतो तो जल्प, आणि स्वतःची कोणतीही बाजू न मांडता केवळ समोरच्याचे खोडून काढणे ही वितंडा. समोरचा जल्पासाठी बसला असेल, तर कितीही चांगला पुरावा दिला तरी तो वाया जातो, हे आधीच ओळखून वेळ वाचवावा. हीच कसोटी स्वतःलाही लावावी. केवळ खोडत राहण्याची सवय श्रद्धावानांपेक्षा आम्हा चिकित्सकांना अधिक लागते, असे मला वाटते.

घटनेविषयीचे विधान तपासायला सर्वांत सोपे असते. २१ सप्टेंबर १९९५ रोजी गणपतीची मूर्ती दूध पिते अशी बातमी दिल्लीतून निघाली आणि त्याच दिवशी देशभरातल्या, शिवाय परदेशातल्याही मंदिरांपुढे रांगा लागल्या. अशा वेळी विधानातून काय निष्पन्न व्हायला हवे, हे पाहण्याआधी ठरवावे: मूर्ती दूध खरोखर पीत असेल, तर ते अंगावरून ओघळू नये आणि खाली साचू नये. केंद्र सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागातल्या शास्त्रज्ञांनी दुधात रंग मिसळून पाहिले, तेव्हा चमच्यातून ओढले गेलेले दूध मूर्तीवरून पातळ थराने खाली उतरताना स्पष्ट दिसले. चमच्याची कड मूर्तीला टेकली की पृष्ठताणामुळे दूध पृष्ठभागाकडे ओढले जाते आणि पुढे गुरुत्वाकर्षणाने वाहून जाते. पांढरे दूध पांढऱ्या संगमरवरावर दिसत नाही, एवढाच काय तो चमत्कार.

इथे थांबण्याचे भान दोन्ही बाजूंनी ठेवायला हवे. या प्रयोगाने “मूर्ती दूध पिते” हे विधान फेटाळले गेले. गणपती आहे की नाही, यावर त्याने काहीही सांगितलेले नाही. उलट बाजूने, प्रयोगानंतर कोणी “भाव असेल तरच पितो” असे म्हटले, तर ते नवे विधान आहे, जुन्याचा बचाव नव्हे, हे नम्रपणे पण स्पष्टपणे नोंदवावे आणि नव्या विधानाची कसोटी काय, हे त्यालाच विचारावे.

नवस, प्रार्थना, अंगारा यांनी गुण आला या विधानाला एका माणसाच्या उदाहरणाने सिद्ध करता येत नाही आणि खोडताही येत नाही, कारण आजार आपोआपही बरे होतात आणि औषध बहुधा सोबत चालू असते. अशा वेळी तुलनेचा गट मागावा. अमेरिकेत हृदयाची बायपास शस्त्रक्रिया झालेल्या १,८०२ रुग्णांवर असा एक मोठा अभ्यास झाला आणि त्याचे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. रुग्णांचे तीन गट पाडले होते. ज्यांच्यासाठी प्रार्थना झाली, पण ती होते आहे की नाही हे ज्यांना ठाऊक नव्हते, त्यांच्यापैकी ५२ टक्क्यांना शस्त्रक्रियेनंतर गुंतागुंत झाली. ज्यांच्यासाठी प्रार्थना झाली नाही आणि ज्यांना तेही ठाऊक नव्हते, त्यांच्यापैकी ५१ टक्क्यांना. आणि आपल्यासाठी प्रार्थना होत आहे हे ज्यांना सांगितले होते, त्यांच्यापैकी ५९ टक्क्यांना.

हे आकडे वापरताना जपून वापरावेत. अनोळखी लोकांनी ठरलेल्या दिवसांत केलेल्या प्रार्थनेने गुंतागुंत कमी झाली नाही, एवढेच त्यांतून निघते. प्रत्येक रुग्णाचे घरचे लोकही प्रार्थना करत असणार, आणि ते कोणताही संशोधक थांबवू शकत नाही. “प्रार्थनेने अपाय होतो” असे त्या ५९ टक्क्यांवरून कोणी म्हणत असेल, तर तोही पुराव्याच्या पुढे धावतो आहे. श्रद्धावान मात्र “देवाची परीक्षा घ्यायची नसते” असे म्हणत असेल, तर धर्मशास्त्राच्या दृष्टीने ते सुसंगत उत्तर आहे आणि ते मान्य करावे; फक्त मग शेजारच्या काकू नवसाने बऱ्या झाल्या, हा दाखला त्यालाही वापरता येणार नाही. परीक्षा बाद ठरवायची आणि तिच्यातला सोयीचा निकाल तेवढा ठेवायचा, असे होत नाही.

साक्षीच्या बाबतीत आपल्याकडचे नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे अनुयायी, आजही उपयोगी पडतात. शब्द, म्हणजे दुसऱ्याचे सांगणे, हे प्रमाण (ज्ञानाचे साधन) खरे, पण ते आप्ताचे असावे, अशी त्यांची अट आहे. आणि आप्त म्हणजे विषय स्वतः जाणणारा आणि जाणले तसे सांगणारा. न्यायसूत्रांचा भाष्यकार वात्स्यायन याने स्पष्ट म्हटले आहे की हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सर्वांना सारखेच लागू आहे. म्हणजे साक्षीदार आपल्या पंथाचा आहे की परक्या, हा प्रश्न गैरलागू ठरतो. विचारायचे ते इतकेच: याने स्वतः पाहिले की ऐकले? पाहणे आणि सांगणे यांत किती काळ गेला? खोटे सांगून त्याला काही मिळणार होते का? दुसरा कोणी स्वतंत्रपणे तेच सांगतो का, की सगळे एकाच माणसाचे ऐकून सांगत आहेत? व्हॉट्सॲपवरून चाळीस जणांकडून आलेला एकच मजकूर ही एकच साक्ष होय.

“ग्रंथात आहे” या विधानाला ग्रंथ उघडून उत्तर द्यावे, आणि कोणती प्रत, हेही विचारावे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे (हस्तलिखिते ताडून मूळ पाठ ठरवणाऱ्या आवृत्तीचे) काम १९१९ मध्ये हाती घेतले आणि ते १९६६ मध्ये पुरे झाले. त्यासाठी हजाराहून अधिक हस्तलिखिते ताडून पाहिली गेली. व्यास सांगतात आणि गणपती लिहून घेतो, ही घराघरांत माहीत असलेली कथा त्या आवृत्तीच्या मुख्य संहितेत नाही. संपादकांनी ती नंतरची भर मानून परिशिष्टात ठेवली आहे. यावरून कथा उशिराची ठरते, भक्ताच्या दृष्टीने निरर्थक ठरत नाही. शिवाय एखादी गोष्ट ग्रंथात आहे एवढे सिद्ध झाले, तरी ती घडली होती, हे स्वतंत्रपणे सिद्ध करावे लागते.

आता मूळ प्रश्न, देव आहे की नाही. इथे प्रयोगशाळा उपयोगाची नाही. वाद अनुमानाचा आहे आणि तो जुना आहे. जग हे कार्य आहे, कार्याला कर्ता असतो, म्हणून जगाला कर्ता आहे, असे अनुमान नैयायिक उदयनाचार्यांनी हिरिरीने मांडले. तर वेदांचे प्रामाण्य मानणाऱ्या मीमांसादर्शनातल्या कुमारिल भट्टांनी त्यांच्याही आधी जगाचा कोणी निर्माता मानायला नकार दिला होता. ईश्वराविषयी पुरावा मागणे म्हणजे परकीय खूळ, असे म्हणणाऱ्याला हे अवश्य सांगावे. अनुमान तपासताना दृष्टान्त कुठपर्यंत पुरतो, हे पाहावे: घड्यावरून कुंभार कळतो, पण आपण पाहिलेला प्रत्येक कुंभार देहधारी असतो, मग जगाचा कर्ताही देहधारी मानायचा का?

“पुरावा नाही, म्हणून देव नाही” या युक्तिवादाची छाननी भाट्ट मीमांसकांच्या, म्हणजे कुमारिलांच्या अनुयायांच्या, अनुपलब्धीने (न दिसण्यावरून नसणे ओळखण्याच्या प्रमाणाने) करावी. जमिनीवर घडा नाही हे आपल्याला कळते, कारण घडा असता तर उजेडात, धड डोळ्यांना तो दिसलाच असता. जे असूनही दिसण्याजोगे नाही, त्याच्या न दिसण्यावरून ते नाही, असे ठरत नाही. यासाठी जुन्या ग्रंथांत पिशाचाचे उदाहरण येते. तेव्हा समोरच्याला विचारावे की तुमचा देव असता तर काय दिसायला हवे होते? जो देव हाकेला धावतो, आजार बरे करतो, शत्रूला शासन करतो, त्याच्या खुणा दिसायला हव्यात, आणि त्या दिसत नसतील तर ते न दिसणे हा त्याच्याविरुद्धचा पुरावा होय. जो निर्गुण, निराकार आणि सर्वत्र सारखा आहे, त्याच्याविरुद्ध न दिसण्याचा दाखला चालत नाही. पण मग त्याच्या नावे चमत्कारही सांगता येत नाहीत. बहुतेक वादांत पहिला देव मांडला जातो आणि अडचण आली की दुसरा पुढे केला जातो. ही अदलाबदल होताच चर्चा थांबवून कोणत्या देवाविषयी बोलायचे, हे पुन्हा ठरवावे.

स्वानुभवाला खोटे म्हणू नये. ध्यानात प्रकाश दिसला, विठ्ठलापुढे उभे असताना भरून आले, हे सांगणाराच त्या अनुभवाचा एकमेव साक्षीदार असतो. त्या अनुभवाचे कारण काय, हा मात्र सर्वांसाठी खुला प्रश्न आहे, आणि निरनिराळ्या धर्मांची माणसे सारख्याच उत्कटतेने आपापल्या देवाचे नाव घेतात, हे त्यात जमेस धरावे लागते.

पुराव्याची मागणी किती कडक असावी, हे विधानावर काय अवलंबून आहे त्यावरून ठरवावे. वारीला जाणाऱ्याकडे पुरावा मागत बसण्याचे कारण नाही. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानेही वारी, यात्रा, कीर्तन, प्रवचन यांना आपल्या कक्षेबाहेर ठेवले आहे. त्याच कायद्याच्या अनुसूचीत कुत्रा, साप किंवा विंचू चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणे हा गुन्हा ठरवला आहे. मांत्रिक “माझ्या मंत्राने उतरते” असे म्हणत असेल, तर सिद्ध करण्याचा भार पूर्णपणे त्याच्यावर आहे. पण तो भार त्याने उचलण्याची वाट पाहू नये. आधी रुग्णाला प्रतिसर्पविष मिळेल अशा रुग्णालयात न्यावे, आणि मंत्राविषयीची चर्चा नंतर करावी.